मुलांना स्वतःच्या शरीराची ओळख कशी होते?

(संस्थेच्या पालक व विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने लहान मुलांच्या शरीराविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. कला शाखेत पदवी घेताना मानसशास्त्र हा विषय घेतला होता. त्याची गोडी लागली ती आजतागायत सुटली नाही. त्यामुळे मुलांच्या वाढीविषयी जे वाचले आणि आजूबाजूच्या घरांतून जे पाहिले, ते आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

मूल हात-पाय घेऊन जन्माला येते, तेव्हा ते आपले आहेत हे त्याला आपोआपच समजत असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. शरीर जन्मतः मिळते, पण त्याची ओळख मुलाला हळूहळू करून घ्यावी लागते. या कामी त्याला दोन शिक्षक असतात. पहिला शिक्षक म्हणजे त्याची स्वतःची हालचाल, आणि दुसरा म्हणजे त्याला उचलणारे, न्हाऊ घालणारे, कुरवाळणारे आणि कधी झिडकारणारे इतरांचे हात. पहिला शिक्षक निसर्गाने नेमलेला आहे. दुसरे शिक्षक आपण आहोत. म्हणूनच हा विषय केवळ पुस्तकातला नसून आपल्या घरातला आणि समाजातला आहे.

प्रथम, शरीराची जाणीव म्हणजे काय ते पाहू. बँकेतला जुना कॅशिअर नोटांची गड्डी हाताने मोजत असे, तेव्हा त्याची नजर पुष्कळदा ग्राहकाच्या तोंडाकडे असे. बोलणे चालू, अंगठा चालू, आणि दोन नोटा चिकटून आल्या की बोट आपोआप थांबे. आता मोजणीची यंत्रे आली, पण ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना आमचे म्हणणे पटेल. अंगठा कुठे आहे हे पाहावे लागत नाही, ते आतून कळते. जेवताना वीज गेली तरी आपला घास तोंडातच जातो, नाकात जात नाही. स्नायू आणि सांधे यांच्याकडून मेंदूला सतत बातमी पोहोचत असते, म्हणून हे शक्य होते. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेला 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले. आपण तिला 'अंगाची आतली जाण' म्हणू. त्वचेचा स्पर्श, कानाच्या आतल्या भागातून येणारी तोलाची खबर आणि डोळ्यांचे पाहणे यांची तिला जोड मिळते, आणि या सर्वांचा मेळ बसून 'हे माझे शरीर' ही भावना उभी राहते.

हा मेळ बसण्याची सुरुवात आईच्या पोटातच होते. गर्भाचा हात चेहऱ्याला लागतो, अंगठा तोंडात जातो, हे सोनोग्राफीत दिसते. यात एक मौज आहे. स्वतःचा हात स्वतःच्या गालाला लागला की हातालाही स्पर्श होतो आणि गालालाही. दुसऱ्या कोणी गालाला हात लावला तर फक्त गालालाच कळते. 'मी' आणि 'मी नव्हे' यांतला पहिला भेद येथे आहे. अमेरिकेतील फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस या संशोधकांनी १९९७ साली, जन्मून चोवीस तासही न झालेल्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. बाळाच्या गालाला बोट लावले की ते दूध शोधण्यासाठी त्या बाजूला तोंड वळवते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या बोटाचा स्पर्श झाला तेव्हा बाळांनी जितक्या वेळा तोंड वळवले, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळाच त्यांनी स्वतःच्या हाताच्या स्पर्शाला तसा प्रतिसाद दिला. म्हणजे आपला हात कोणता आणि परका कोणता, याची अंधुक जाण पहिल्याच दिवशी होती.

पण अंधुक जाण म्हणजे पूर्ण ओळख नव्हे. दोन-तीन महिन्यांचे बाळ डोळ्यांसमोर स्वतःची मूठ धरून किती वेळ टक लावून पाहत राहते, ते आपण पाहिलेच असेल. घरातली वडीलधारी माणसे हसून म्हणतात, 'बघा, कसा विचारात पडलाय.' खरोखरच ते विचारात पडलेले असते. हे जे हलते आहे, ते मी हलवतो म्हणून हलते काय, याचा शोध चालू असतो. कॅरोलिन रोवी-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ पासून केलेल्या प्रयोगांत बाळाच्या पायाला एक रिबन बांधली आणि तिचे दुसरे टोक वर टांगलेल्या खेळण्याला बांधले. पाय झाडला की खेळणे हलते, हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या काही मिनिटांतच ध्यानात आले आणि ती भराभर पाय झाडू लागली. आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची पद्धत आहे. बाळाचा हात-पाय पोचेल इतपत ते खाली असेल, तर तोही एक धडाच होय.

पाच-सहा महिन्यांचे मूल पायाचा अंगठा तोंडात घालते. याला घाणेरडी सवय समजून आपण पाय ओढतो. वास्तविक ते आपल्या शरीराचा दूरचा मुलूख पाहून येत असते. १९८५ साली लॉरेन बॅरिक व जॉन वॉटसन यांनी पाच महिन्यांच्या मुलांसमोर दोन पडदे ठेवले. एकावर मुलाचे स्वतःचेच पाय त्या क्षणी हलताना दिसत होते, दुसऱ्यावर दुसऱ्या बाळाचे. मुले दुसऱ्या बाळाच्या पायांकडे अधिक वेळ पाहत राहिली. कारण स्वतःच्या पायांत आता नवल उरले नव्हते, ते हलतात कसे हे आतून ठाऊक झाले होते.

पुढे रांगणे आणि चालणे येते. येथे एक गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. कॅरन अॅडॉल्फ या संशोधक बाईंनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमी-जास्त उताराच्या घसरणीवर मुलांना सोडायचे आणि पडण्याआधी झेलण्यासाठी माणूस जवळ उभा ठेवायचा. रांगण्याचा काही आठवड्यांचा सराव झालेले मूल फार उतार दिसला की काठाशी थांबे. पण तेच मूल चालू लागले की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकी. रांगणाऱ्या शरीराचे शिकलेले ज्ञान चालणाऱ्या शरीराला उपयोगी पडले नाही, ते नव्याने मिळवावे लागले. तेव्हा नुकते चालू लागलेले मूल पायरीवरून पडले, तर 'एवढेही कळत नाही का' म्हणून त्याला धपाटा घालू नये. त्याला खरोखरच कळत नसते. आपण जवळ असावे आणि त्याला शिकू द्यावे, एवढेच.

यासाठी जमीन लागते. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात तेथे मुलाला रांगायला जागा कोठून आणायची, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न खरा आहे. पण दुपारी भांडीकुंडी बाजूला सारून एक सतरंजी अंथरता येते. हल्ली मात्र जागा असली तरी मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्याला एका जागी बसवून ठेवण्याची रीत पडत चालली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की, एक वर्षाच्या आतील मुलाला पडदा अजिबात दाखवू नये, जे अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसाकाठी मिळून निदान अर्धा तास पालथे खेळू द्यावे, आणि कोणत्याही लहान मुलाला सलग एक तासाहून अधिक वेळ बांधल्यासारखे बसवू नये. मोबाइलमधले चित्र हलते, पण ते मुलाच्या पायाने हलत नाही. त्यातून मुलाला आपल्या शरीराविषयी काहीच शिकायला मिळत नाही.

दीड वर्षाच्या मुलाची एक गंमत आपण घरी करून पाहू शकता. त्याला चादरीवर बसवा आणि तीच चादर मागा. ते द्यायला तयार असते, जोर लावून ओढते, पण आपणच तिच्यावर बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही. अशा तऱ्हेच्या चाचण्या २००७ साली सेलिया ब्राउनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर घेतल्या. आपले शरीर ही जगातल्या इतर वस्तूंसारखीच एक वस्तू आहे, तिला वजन आहे आणि ती वाटेत येऊ शकते, ही समज दुसऱ्या वर्षात हळूहळू येते. आकाराचीही तीच गोष्ट. भातुकलीतल्या एवढ्याशा खुर्चीवर मूल गंभीरपणे बसू पाहते, खेळण्यातल्या मोटारीत पाय घालते. ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दीड ते अडीच वर्षांच्या मुलांत हे पाहून त्याची नोंद केली. याला वेडेपणा म्हणू नये. आपण केवढे आहोत, याचा हिशेब मुलाने अजून पुरा केलेला नसतो.

याच सुमारास मूल आरशात स्वतःला ओळखू लागते. १९७२ साली ब्यूला अॅम्स्टरडॅम या बाईंनी मुलांच्या नाकाला नकळत लाली लावून त्यांना आरशासमोर बसवले. लहान बाळे आरशातल्या बाळाशी खेळू लागली. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानची मुले मात्र स्वतःच्या नाकाला हात लावू लागली. आपल्याकडे काजळाची तीट असतेच, तेव्हा हा प्रयोग कोणत्याही घरात होण्यासारखा आहे. मात्र कोणाचे मूल मागे राहिले तर घाबरू नये. जर्मनी, भारत आणि कॅमेरून येथील मुलांची तुलना करणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शहरी मुलांनी ही गोष्ट खेड्यातील मुलांपेक्षा लवकर केली. म्हणजे वाढवण्याची रीत बदलली की वेळही बदलते. त्यावरून कोणी हुशार किंवा मठ्ठ ठरत नाही.

येथवर आपण पहिल्या शिक्षकाचे काम पाहिले. आता दुसऱ्या शिक्षकाकडे, म्हणजे इतरांच्या हातांकडे वळू.

आपल्या घरातली आजी बाळाला पायांवर उताणे घेते, तेल लावते, हात-पाय चोळते, टाळू भरते, कोमट पाणी घालते आणि घट्ट गुंडाळून निजवते. तिने मानसशास्त्र वाचलेले नसते. पण त्या अर्ध्या तासात ती बाळाला त्याच्या शरीराच्या सीमा दाखवून देत असते, की येथे तुझी पाठ आहे, येथे तुझे तळवे आहेत. स्पर्शाचे हे मोल आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला 'कांगारू पद्धत' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. अशा बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या अंगाशी ठेवल्याने पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. उलट, १९८९ साली रुमानियातील हुकूमशाही कोसळली तेव्हा तेथील अनाथालयांत लाखाहून अधिक मुले आढळली. कित्येकांना खायला मिळत होते, पण जवळ घेणारे कोणी नव्हते. ती मुले तासन्‌तास स्वतःचेच शरीर पुढे-मागे झुलवीत बसत. कोणाचा हात मिळाला नाही, तेव्हा मुलाने स्वतःलाच पाळणा करून घेतले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

मित्रहो, स्पर्श मिळाला नाही तर काय होते, हे कळण्यासाठी आपल्याला रुमानियाला जाण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात आपल्या साताऱ्याच्या शाळेची हकीकत लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यावे लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. शिपाई नसेल तर तहान तशीच. पैसे देऊनही न्हावी केसांना हात लावीत नसे, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे.

हे सारे आपण अन्याय म्हणून अनेकदा वाचले आहे. आज ते एका मुलाच्या शरीराच्या बाजूने वाचून पाहा. आपले हात लागले म्हणून नळ बाटतो, आपण बसलो म्हणून गोणपाट बाटते, असे रोज शिकवले जात असेल, तर मुलाच्या मनात आपल्या हातांची कोणती ओळख तयार होईल? अस्पृश्यता म्हणजे केवळ पाणवठ्याची बंदी नव्हती. मुलाला स्वतःच्या शरीराची चुकीची ओळख करून देणारी ती शाळा होती. आणि त्याच घरात केस कापणाऱ्या बहिणीचे हातही होते. शाळा जे नाकारीत होती, ते घर देत होते. घरचा हात किती मोठा असतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

अमेरिकेतही असेच दिसून आले. १९४० च्या दशकात केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, असे विचारता बहुतेक मुलांनी गोरी दाखवली. मग तुझ्यासारखी कोणती, असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. तीन वर्षांच्या मुलाला आपल्या कातडीची लाज वाटू लागते, ती त्याच्या पोटातून येत नाही, आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यातून येते.

तेव्हा आपण आपल्या घराकडे पाहिले पाहिजे. 'काळ्या', 'जाड्या', 'चष्मिस', 'तिरळ्या' ही नावे आपण लाडाने घेतो. घेणाऱ्याला ती लाडाची वाटतात, ज्याला घेतली त्याला ती अंगाला चिकटल्यासारखी वाटतात. मुलगी जन्मली की आधी रंग विचारला जातो. रंग उजळवण्याचा दावा करणाऱ्या एका मोठ्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला गेला, पण आपल्या तोंडातून तो अजून गेलेला नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला 'नीट बस, पाय जवळ घे' असे दिवसातून दहा वेळा ऐकवले, तर शरीर म्हणजे लपवण्याची वस्तू, एवढेच ती शिकेल. ज्या मुलाचा पाय अधू आहे, त्याला खेळात न घेता कडेला बसवले, तर पायाचे अधूपण त्याच्या मनात उतरेल. मारण्याविषयी तर काय सांगावे? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. घरात कायदा पाहायला येत नाही, म्हणून तेथे आपणच स्वतःवर बंधन घातले पाहिजे.

आता एक नाजूक, पण टाळता न येणारा मुद्दा. मूल दोन वर्षांचे झाले की आपण कौतुकाने विचारतो, 'नाक कुठंय? कान कुठंय?' ही यादी पोटापाशी येऊन थांबते आणि एकदम गुडघ्यावर जाते. मधल्या अवयवांना नाव नसते, किंवा शिवी असते. ज्या अवयवाला घरात नाव नाही, त्याला काही झाले तर मुलाने आईला सांगायचे कोणत्या शब्दांत? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. छळ करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाचे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. पुढे १४ नोव्हेंबर २०१२ पासून 'पोक्सो' कायदा लागू झाला. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. पण कायद्यापर्यंत पोचण्यासाठी आधी मुलाला वाटले पाहिजे की, हे शरीर माझे आहे आणि नको म्हणण्याचा मला हक्क आहे. पाहुण्यांना पापा द्यायला मूल नाही म्हणाले, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये. ते हात जोडून नमस्कार करील, तेवढा मान पुरे.

हे सारे गरीब वस्तीत कसे जमणार, अशी शंका कोणी काढील. त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, आदिवासी पाड्यांवर त्यांनी बालवाड्या चालवल्या. मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. अक्षरांच्या आधी मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हे काम होते. त्याला लागते काय? पाणी, कंगवा आणि मायेचा हात.

आपल्या सभासदांना आमची विनंती आहे की, आपल्या वस्तीतल्या बालवाडीत एक मोठा आरसा मुलांच्या उंचीला लावावा, आणि एक सतरंजी कोणतेही सामान न ठेवता मोकळी राखावी. विद्यार्थी मित्रांना सांगणे आहे की, धाकटी भावंडे तुमच्या ताब्यात असतात. त्यांना मोबाइल देऊन गप्प बसवू नका, त्यांच्याबरोबर लंगडी घाला, आंधळी कोशिंबीर खेळा. कोणी त्यांच्या रंगावरून किंवा अंगावरून चिडवले, तर त्यांच्या बाजूने उभे राहा. त्यासाठी पैसा लागत नाही.

आपल्या वाडवडिलांना आपले शरीर ताठ उभे करायला किती पिढ्या लागल्या, हे आपण जाणतो. ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून प्रेमाने हात लागला, जमिनीवर मोकळे खेळायला मिळाले आणि ज्याच्या 'नको'ला घरात किंमत मिळाली, ते मूल पुढे कोणापुढेही उगाच वाकणार नाही. असे मूल आपल्या प्रत्येक घरात वाढावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो. 

जयभीम.